पॅनलवरचा फेटा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सन्माननीय अमरसिंह दादा, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, समोर बसलेल्या मायबहिणींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आमची जीभ रेटत नाही ते विज्ञानाचे धम्मपाल सर,

मी शिवलीला. सरांची विद्यार्थिनी, आता ह्याच शाळेत शिक्षिका. थोडक्यात आवरायला सांगितलंय. बघूया, जमतंय का!

सरांचा सौरऊर्जेचा तास कोण विसरेल? "पोरांनो, पॅनलला उष्णता न्हाई, उजेड लागतोय. उजेड सिलिकॉनवर पडला की आतले इलेक्ट्रॉन वाहायला लागतात, तीच वीज. लई तापलं तर उलट वीज कमी हुतीया." मग टेबलावर तीन तुकडे मांडायचे. काळा तो मोनो, थोड्या जागेत जास्त वीज. पातळ थराचा तो हलका, वाकणारा, पण वीज बेताची. आणि निळा पॉली? "जागा जास्त अडवतोय, काम जरा कमी. आपल्या ज्ञानूगत!" ज्ञानू, हसतोस काय, सरपंच झालास तरी तसाच हायस की!

पुराचं ते साल आठवतं? चहूकडे पाणी, आणि वीज नाही म्हणून प्यायला घोटभर नाही. टँकरच्या पाण्याला गेलेली माझी आई, आमची अव्वा, चिखलात घसरली, हात मोडला. तेव्हा माझे वडील आप्पा, म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष भरमाप्पा, सरांना म्हणाले, "बोअरवर तुमच्या काचा बसवा." गाव हसलं. आप्पा पेटले. "पाणी न्हाई पडलं तर अध्यक्षपद सोडतो!"

शाळेच्या छतावर पॅनल बसले, बोअरच्या मोटरला जोडले. उद्घाटनाला सगळ्यांना फेटे बांधले. आप्पांना वाटलं, खरा मानकरी तर छतावर बसलाय! वर चढले, आपला गुलाबी फेटा सोडला आणि पॅनलच्या अख्ख्या रांगेवर पसरला. वर हार. टाळ्या काय, हलगी काय! बटण दाबलं. मोटर ढिम्म.

आप्पांचा चेहरा बघवेना हो. सर धावत वर गेले, हार काढले, फेटा ओढला. "आप्पा, घमेली देणाऱ्या रांगेत एकानं हात आखडला तर रांग थांबती न्हवं? सावलीनं पॅनलचं तसंच हुतंय. तुम्ही तर सगळ्यांचेच हात बांधलासा!" तेवढ्यात नळाला धार लागली. सरांनी तो फेटा आप्पांच्या डोक्यावर ठेवला. आप्पा लहान मुलासारखे रडले.

आज आप्पा नाहीत. पाणी आहे. सर, तुम्हीही उद्या ह्या गावात नसाल.

तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलताना पाल्हाळ लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर घरची पोर म्हणून पोटात घाला.

आणि सर, जरा उभे राहा. अव्वानं ट्रंकेतनं तोच फेटा आणलाय. ह्या वेळी मात्र उतरवायचा नाही हं.

अव्वा, ये वर.