मुकादमाने दिलेली उत्तरं

नाव: नंदा प्रताप देवपुजारी. वय: ६८ वर्षे. व्यवसाय: निवृत्त चित्रकला शिक्षिका, मूळ नागपूर. राहणार: मुलगा नकुल याच्या घरी, शुगर लँड, टेक्सास.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, रोसाल्बा या बाईंच्या मृत्यूबद्दल मला जे ठाऊक आहे ते मी मराठीत सांगत आहे. मला इंग्रजी बऱ्यापैकी समजतं, पण बोलताना अडखळते. आईच्या वतीने मीच सांगतो, असं नकुल म्हणाला होता. डिटेक्टिव्हनी त्याला बाहेर बसवलं आणि मला फोनवर मराठी दुभाषी दिल्या. नातेवाईक चालत नाही म्हणाले.

मंगळवारी दुपारी माझा गुडघा सुजला म्हणून नकुलने मला क्लिनिकमध्ये नेलं. आत पडदे लावलेल्या खाटा होत्या. नर्स मला विचारायची आणि नकुल उत्तर द्यायचा. दहापैकी किती दुखतंय, तर 'फाइव्ह' म्हणाला. गुडघा माझा आणि आकडा त्याचा! पण आमच्याकडे डॉक्टरशी घरचेच बोलतात, पेशंटने मान डोलवायची. त्यामुळे मीही डोलावली.

शेजारच्या खाटेवर रोसाल्बा होती. मधला पडदा अर्धा उघडा होता. तिच्या हातावरची जखम चिघळली होती. सोबतचा माणूस मला तिचा भाऊ वाटला. तो तिच्या साफसफाईच्या कामावरचा मुकादम होता, हे मला आज इथे कळलं. नर्सने दुभाष्यासाठी भिंतीवरच्या फोनकडे हात नेला, तेव्हा 'आय स्पीक स्पॅनिश' म्हणून त्याने तिला थांबवलं. नर्सलाही ते बरंच वाटलं असावं.

जखम कुठे झाली? घरी, म्हणाला. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी? 'नो' म्हणाला. यातलं काहीही त्याने रोसाल्बाला विचारलं नाही. मला स्पॅनिशचा गंधही नाही. पण प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये तो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही, हे कळायला भाषा कशाला लागते?

नर्सने इंजेक्शन भरलं. रोसाल्बाने औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हात गळ्याला लावले, गाल फुगवून दाखवले. 'नो, नो' म्हणाली. नर्सचं मनगट धरलं. नर्सने मुकादमाकडे पाहिलं. सुईला घाबरते ती, असं तो इंग्रजीत म्हणाला आणि हसला. मग तिच्याशी हळू आवाजात एकच वाक्य बोलला. काय बोलला, मला माहीत नाही. तिने मनगट सोडलं.

मी नकुलची बाही ओढली. म्हटलं, "अरे, ती नको म्हणतेय. सांग ना त्यांना!" तो म्हणाला, "आई, प्लीज. इथे प्रायव्हसी असते. आपण इन्व्हॉल्व्ह व्हायचं नाही." 'स्टॉप' हा शब्द मलाही येतो. तो तोंडातून निघाला नाही.

थोड्याच वेळात तिचे डोळे आणि ओठ सुजले. श्वास घेताना घशातून आवाज येऊ लागला. सगळे धावले. मुकादम फोन कानाला लावून बाहेर गेला, तो मी असेपर्यंत परत आला नाही. पडदा ओढेपर्यंत रोसाल्बा माझ्याकडे बघत होती. ती गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. भरल्या दवाखान्यात, डॉक्टर असताना, असं होतंच कसं?

हा जबाब दुभाषी सावनी यांनी मला फोनवर मराठीत वाचून दाखवला. प्रत्येक परिच्छेदानंतर त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "काकू, तुम्ही हेच म्हणालात ना? काही बदलायचंय?" शेवटी मी नुसती मान डोलावली. डिटेक्टिव्ह म्हणाले, मान चालत नाही, तोंडाने सांगा. तोंडाने सांगते: लिहिलंय ते माझं आहे आणि बरोबर आहे. 'तुम्ही हेच म्हणालात ना?' असं रोसाल्बाला एकदाही कोणी विचारलं नाही, तेही यात लिहून घ्या.