लांब वायरचा हेडफोन

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एकाच ऑफिसातले दोघं बसले होते. निवृत्तीला आलेले एक सर आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी.

“अगं, ते स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं पॅकेज तू माझ्या कॉम्प्युटरवर घातलंस कसं? आपल्या लिनक्सवर काही नवीन घालायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो ना?”

“सगळ्यांसाठी घालायचं तर लागतो, सर. मी फक्त तुमच्या फोल्डरात घातलंय. तिथे कुणाला विचारावं लागत नाही.”

“बरं केलंस बाई. अर्ज केला असता तर कारण लिहावं लागलं असतं. दिसत नाही असं एकदा लिहून दिलं, की घरीच बसवतील मला.”

“पण काल अ‍ॅडमिननं मला बोलावलं होतं.”

“अरे देवा! कळलं त्याला?”

“पॅसेजपर्यंत आवाज येतो म्हणाला.”

“मग आता काढून टाकायचं?”

“छे हो. हे घ्या, त्यानंच हेडफोन दिलाय तुमच्यासाठी.”

“कारण नाही विचारलं?”

“नाही. म्हणाला, वायर मुद्दाम लांब घेतलीय, सरांना म्हणावं आता आरामात टेकून बसा. वर्षभर स्क्रीनला नाक लावून बसलेले बघतोय मी.”