हलव्यासाठी नऊ दाबा

थांबा, थांबा पेटीवाले, जरा सूर धरून ठेवा. कुणाचा फोन वाजला? खांबापाशी बसलेत ते निळ्या स्वेटरवाले? कापलात का? बरं केलंत. नाही, लाजू नका, बसा. उलट तुम्ही माझं कामच सोपं केलंत! आज मी जो प्रश्न घेऊन उभा आहे ना, तो तुमच्या खिशातच वाजला.

मंडळी, प्रश्न ऐका. कुणी दाराशी येऊन हाक मारली, तर ओ द्यायची कुणी? घरात ज्याचा मान मोठा त्यानं — की ज्याच्यासाठी हाक आली त्यानं? सोपं वाटतंय? माना डोलवू नका लगेच. उत्तर सोपं असतं तर भोरच्या उल्हास खिऱ्यांच्या घरी जे झालं ते झालं नसतं!

उल्हासचा पत्रिकांचा छापखाना. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत — भोरात काहीही मंगल असो, अक्षरं उल्हासची. आणि पत्रिका छापणं म्हणजे काय तुम्हाला गंमत वाटते? त्यात कागद आणि शाई हे सगळ्यात सोपं! अवघड काय? नावं! कुणाचं वर, कुणाचं खाली, कोण 'व्यवस्थापक', कोण नुसतंच 'आप्तेष्ट'. एका चुलत्याचं नाव राहिलं तर मांडवात जेवण राहतं आणि भांडण वाढलं जातं. उल्हासनं हे सगळं उभ्या जन्मात एकदाही चुकवलं नव्हतं. तोच त्याचा अभिमान. पण आताशा लोक पत्रिका मोबाइलवरच पाठवतात. छापखान्यात मशीन कमी आणि माशा जास्त.

घर चाललं होतं ते वसुधेवर, म्हणजे त्याच्या बायकोवर. ती हलव्याचे दागिने करायची. संक्रांत जवळ आली की नव्या सुनेला काळी साडी आणि अंगावर पांढरेशुभ्र दागिने — तनमणी, बाजूबंद, वाकी. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी. आणि हा हलवा कसा होतो, ठाऊक आहे? बायकांनो, तुम्ही हसू नका, मी पुरुषांना विचारतोय! मंद शेगडीवर परात. परातीत तीळ. त्यावर चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. घाई केली की गोळा, विसरलं की पिवळा. असं तासन् तास केलं की मग एकेका दाण्याला काटा फुटतो. त्या वेळी हात काढून चालत नाही. घरात पाहुणा येवो, दूध उतू जावो — हात परातीतच.

आणि नेमका तेव्हाच वाजायचा फोन!

फळीवर फोन वाजतोय, परातीत काटा येतोय. सांगा, काय सोडायचं? वसुधा फोन सोडायची. हात धुऊन मागाहून लावला की पलीकडून बाई म्हणायच्या, अहो, तुम्ही उचलला नाहीत, आम्ही दुसरीकडे सांगून टाकलं. मागची संक्रांत अशी गेली. हलवा उत्तम, आणि घेणारं कुणी नाही! तेव्हा ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली होती, की पुढची संक्रांतही अशीच गेली तर परात माळ्यावर टाकायची, आणि आपण पुण्याला बहिणीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. उल्हासला रात्रीचं जेवण गेलं नाही. ही बाई रागावली असती तर बरं, पण ती शांतपणे बोलली होती!

मग त्यानं चौकशी केली आणि एका कंपनीतली मुलगी फोनवर भेटली. तिनं मोठ्या गोडीनं समजावलं, की काका, तुमच्या धंद्याला एक नंबर घ्या. त्याला यंत्र नको, तार नको. कुणी फोन केला की आधी तुमच्या घराचं स्वागत ऐकू येईल, म्हणजे समोरच्याला वाटेल, हे नीट चाललेलं घर आहे. मग एक दाबलं की एकाकडे, दोन दाबलं की दुसऱ्याकडे. इथं उचलला नाही तर आपोआप तिथं वाजेल. बोलणं साठवून ठेवता येईल. आणि हो, पुण्यातल्या फलकावर एक नंबर द्या, डब्याच्या चिठ्ठीवर दुसरा द्या. म्हणजे कोण काय बघून आलं ते तुम्हाला इथे बसून कळेल. फक्त एवढं करा काका, स्वागत आटोपशीर ठेवा, आणि लोकांना जे सगळ्यात जास्त हवं असतं ते एक नंबरला ठेवा.

उल्हासनं सगळ्याला हो म्हटलं. अगदी मनापासून. आणि मग तो स्वागत लिहायला बसला. मंडळी, पत्रिका छापणारा माणूस स्वागत लिहायला बसला!

'श्री कुलस्वामिनी प्रसन्न. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आमचे येथे श्रीकृपेकरून चालविण्यात येणाऱ्या खिरे हलवा गृहात आपले सहर्ष स्वागत असून...' पुढे कशाकशाला किती दाबायचं. संध्याकाळी घरच्यांना ऐकवलं. सगळे खूश. बेबीआत्या सोडून. तिनं पदराला तोंड पुसलं आणि विचारलं, यात माझं नाव कुठे आहे रे उल्ह्या?

झालं! आत्याचं घातलं. ते ऐकून थोरल्या भाऊकाकांनी पान वाढायच्या आधीच पाट सोडला. भाऊकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळ्या महामंडळाला शिट्टीवर हलवलेला माणूस. बहिणीचं नाव आहे आणि थोरल्या भावाचं नाही? उल्हास घाबरला. पण त्याला ही विद्या येत होती ना! त्यानं मान धरला, वय धरलं, आणि यादी लावली. थोरले भाऊकाका — एक दाबा. बेबीआत्या — दोन दाबा. मग धाकटे काका, मग उरलेली सगळी भावकी, मग जावई. जावयाला कसं सोडणार? आणि घरातली सून, सगळ्यांत धाकटी... 'हलव्याच्या दागिन्यांसाठी नऊ दाबा!'

आणि शेवटी काय? पत्रिकेत शेवटी काय असतं? हां! लाडिक आमंत्रण! आपल्या मुलाला त्यानं बोलायला लावलं, 'आमच्या आईच्या हलव्याला यायचं हं!' मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दाढीतून आवाज आला तो!

फलक लागले. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या. आणि फोन आले बरं का! ती मुलगी खोटं बोलली नव्हती. पण लोक घाईचे. स्वागत ऐकता-ऐकता जो कंटाळला त्यानं ठेवला, आणि जो टिकला त्यानं दाबला एक. पहिला नंबर दाबायची माणसाला सवयच असते.

एकवर भाऊकाका. कुणी म्हणावं, दागिने हवेत. काका विचारायचे, कुठून बोलताय? कोथरूडहून? मग स्वारगेटला या, भोरची गाडी फलाटावर लागते, मधल्या गाडीत बसू नका, ती थांबत-थांबत येते. दागिन्यांचं मला ठाऊक नाही, पण खिडकीची जागा डावीकडे धरा, ऊन लागत नाही. माणूस बिचारा आभार मानून ठेवायचा.

दोनवर बेबीआत्या. ती आधी कुळ विचारायची. मग घरात लग्नाचं कोण आहे. एका बाईंना नातवासाठी मुकुट हवा होता. आत्यानं त्यांच्या भाच्यासाठी मुलगी सुचवून, पत्रिका मागवून, फोन ठेवला. मुकुट राहिला!

आणि नऊ? नऊ वाजलाच नाही.

वसुधा परातीपाशी बसून वाट बघायची. इतके दिवस फोन नको त्या वेळी वाजायचा. आता तो कधीच वाजेना. एक दिवस उल्हासनं पाहिलं तर ती माळ्याखाली शिडी पुसत होती. त्यानं विचारलं, शिडी कशाला? ती म्हणाली, चालू हलवा संपला की लागेलच.

उल्हास सरळ छापखान्यात जाऊन बसला. त्याला हे कळेना. मोबाइलच्या पडद्यावर तर आलेले फोनच फोन दिसत होते, मग गिऱ्हाईक जातं कुठं? साठवलेलं बोलणं ऐकायला त्यानं तो कानाला लावला. पहिला माणूस 'श्रीकृपेकरून'ला फोन ठेवून गेला. दुसरा 'सहर्ष'ला. एक बाई जावयापर्यंत टिकल्या आणि हसत-हसत गेल्या. काकांची गाडी ऐकली, आत्याची स्थळं ऐकली. भर दुपारी उल्हासला घाम फुटला.

मग एक आवाज आला. बाई वयस्कर, नाव सांगितलं कमल देऊळगावकर. फलकावरचा नंबर बघून लावलेला. त्या एकदा काकांशी बोलल्या होत्या. काकांनी सांगितलं, सून कामात आहे, मी मोठा आहे, माझ्याशी बोला. मग आत्याशी बोलल्या. परत फोन केला, परत काकाच. शेवटी दोघांतलं कुणी उचललं नाही तेव्हा त्या यंत्रालाच म्हणाल्या. पेटीवाले, हळू. हे नीट ऐकू द्या.

"तुमच्या घरात मोठं कोण, ते मला आता पाठ झालं हो. पण मला त्या हलवा करणाऱ्या बाई हव्या होत्या. माझ्या मुलीच्या पहिल्या संक्रांतीला त्यांनीच दागिने केले होते. यंदा नातीचं बोरन्हाण आहे. बऱ्याच नवसांनी झालीय ती. असू द्या, जमलं नाही तर नाही. त्यांना एवढं सांगा, की त्यांचा डबा मी अजून टाकलेला नाही."

उल्हास उठला. छापखाना उघडाच टाकून घरी आला. वसुधेचा हात परातीत होता. त्यानं फोन तिच्या कानापाशी धरला. तिनं ऐकलं. बोटं हलत होती, डोळे भरत होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता! ते त्यानं पुसले, आपल्या शर्टाच्या बाहीनं.

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, मला कुणी विचारतच नाही."

"विचारत होते," तो म्हणाला. "मीच सगळ्यांचा मान राखला वसू. तुझा तेवढा राहिला."

मंडळी, उभ्या जन्मात या माणसाचं एक नाव चुकलं नव्हतं. चुकलं ते हे!

मग त्यानं काय केलं? कात्री लावली! कुलस्वामिनीला मनात नमस्कार केला आणि 'श्रीकृपेकरून'पासून जावयापर्यंत सगळं उडवलं. नवं स्वागत वसुधेच्याच आवाजात: 'मी वसुधा खिरे, हलव्याचे दागिने करते. आत्ता हात परातीत आहे. नाव सांगून ठेवा, हात धुतला की मीच फोन करते.' संपलं! फोन आधी तिच्याकडे वाजणार, तिचा हात अडकलेला असेल तर छापखान्यात उल्हासकडे, आणि तिथंही कुणी उचलला नाही तर हे ऐकू येणार. आणि तिनं हात धुऊन पहिला फोन कुणाला केला ते मी सांगायला नको.

भाऊकाका? फुगले की! दोन जेवणं फुगले. मग उल्हासनं त्यांना सांगितलं, काका, पार्सलं एसटीनं जायचीत, कुठली गाडी कुठं कधी पोचते हे या घरात दुसरं कुणाला कळतं? लोकांनी पार्सल विचारलं की तुमच्याकडे वाजेल. काकांनी कपाटातून शिट्टी काढली! देऊळगावकर बाईंची बासरी आणि मुकुट त्यांनी वाहकाच्या मांडीवर ठेवून पाठवले, आणि प्रत्येक थांब्यावर फोन करून वाहकाला हैराण केलं. एक काटा मोडला नाही. आत्याला जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचं काम दिलं. कुणाकडे सून आली, कुणाकडे बाळ झालं, हे तिच्याइतकं कोण खोदून विचारणार? आणि तो मुकुटवाल्या बाईंचा भाचा! जमलं हो त्याचं लग्न. नव्या सुनेचे दागिने वसुधेकडेच सांगितले. आत्या म्हणाली, मी उगाच बोलत होते का?

शिडी होती तिथेच राहिली. परात खालीच आहे.

हसलात? आता तुमच्याकडे वळतो. यंत्राचा दोष नव्हता. त्यानं गिऱ्हाईक दाराशी आणून उभं केलं होतं. दार कुणी उघडायचं, ते मात्र आपण ठरवतो. तुमच्या घरात नऊ नंबरवर कोण बसलंय? बघा आठवून. दिवसभर जिच्या हातानं घर चालतं, तिच्यापर्यंत एक शब्द पोचतो का? आणि देव? तो रोज फोन करतो तुम्हाला! तुमचं स्वागत ऐकतो — दुकानासाठी एक दाबा, जमिनीच्या वादासाठी दोन दाबा, मुलाच्या व्हिसासाठी तीन दाबा, अन् माझ्याशी बोलायचं असेल तर नऊ. तो काही ठेवत नाही, देऊळगावकर बाईंसारखा परत-परत लावतो. पण किती वेळा लावायचा त्यानं?

टाळ उचला. मृदंग, तयार? गजर घेऊ या... थांबा. अहो निळे स्वेटरवाले, मघाशी कापलात तो फोन कुणाचा होता?

आईचा?

मग बसलात काय? जा, बाहेर ओट्यावर जाऊन बोलून या. सावकाश बोला. टाळ खाली ठेवा रे सगळ्यांनी. ते आले की मग गजर.