भुईखालची धुरपता

(नांदेड. निवृत्त पत्रकार आणि कादंबरीकार व्यंकटी यांचं घर. लातूरला शिक्षिका असलेली मुलगी समीक्षा लॅपटॉप उघडून बसली आहे.)

समीक्षा : ...तिसऱ्यांदा फोन आला पप्पा, प्रकाशकांचा. शेवटच्या भागात धुरपताराणी मेलीच पाहिजे म्हणतात.

व्यंकटी : न्हाई मरणार.

समीक्षा : सात भाग झाले. राक्षस येतात, तलवारी चालतात, अन् माणूस एक मरत नाही. लहान पोरांची गोष्ट वाटते म्हणे.

व्यंकटी : वाटू दे. थकलो मी, समू. तीस वर्षं दिवसा बातम्या, घरी आलं की हे.

समीक्षा : मला तरी कारण सांगा. टाइप मीच करते ना?

व्यंकटी : भूकंपाच्या वक्ताला लातूरच्या पेपरात नवा होतो. साहेब म्हणले, गावात जा, मेलेल्यांची नावं आण. चंद्रप्पा म्हणून एकजण दगडावर बसला होता. त्यानं सारी गल्ली सांगितली, घराघरानं. शेवटी बायकोचं नाव. म्हणला, हिचं नीट लिवा. धुरपताबाई.

समीक्षा : धुरपता...

व्यंकटी : पेपरात नुसता आकडा आला. नावाला जागा न्हाई म्हणले. मी अंक घेऊन गेलो त्याच्याकडं. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणला, हिचं कुठंय, बोट ठेवा.

समीक्षा : मग?

व्यंकटी : ठेवलं. कुठंतरी. जाहिरात होती बहुतेक.

समीक्षा : आईला माहीत होतं?

व्यंकटी : न्हाई. ती म्हणायची, दिवसभर खरं लिहिता, मग घरी येऊन हे खोटं कशाला? काय सांगू तिला? खरं लिहायचं तवाच राहून गेलं होतं.

समीक्षा : म्हणजे कादंबरीतली सगळी नावं...

व्यंकटी : त्याच गल्लीतली. भुईखाली गेले, तर तिथं त्यांचं राज्य असू दे म्हणलं. अन् आता मीच मारू तिला?

समीक्षा : प्रकाशक छापणार नाहीत मग.

व्यंकटी : न्हाई छापलं तर न्हाई. तू टाइप करून घे फक्त. मला आता दिसत न्हाई.

समीक्षा : कुठून सुरू करू?

व्यंकटी : वेशीपासून. चंद्रप्पानं सांगितलेल्या नावांतले अकरा जण अजून आत यायचे हायत.