बिनसीलाचा कंटेनर

आमच्या शिंगणापूरचा भाऊसाहेब कांद्याचा पहिला कंटेनर घेऊन मुंबईच्या बंदरावर गेला, तेव्हा मी सोबत होतो. संध्याकाळचं जहाज चुकलं असतं, तर सगळा कांदा नासला असता.

गेटावर बंदराच्या साहेबांनी विचारलं, "दाराचं सील कुठंय?"

"हाय की खिशात. आमच्या गावात दाराला काय लावीत न्हाईत."

"अहो, वाटेत चोरी झाली असती तर?"

"शनिदेव हाय की. चोरनारा आंधळा हुतो, साहेब."

"ते ठीक आहे, पण माल तपासल्याशिवाय आत सोडणार नाही." साहेबांनी दार उघडून एक कांदा उचलला.

"साहेब, तेवढा परत ठिवा बरं."

साहेबांनी तो दोन्ही हातांनी जागेवर ठेवला. म्हणाले, "आता तरी सील लावा!"

"लावतो की. हितनं पुढं आमच्या देवाची हद्द न्हाई."