गाडी अजून त्याच्याच नावावर

(वाहन नोंदणीच्या ऑफिसातलं बाकडं. एका टोकाला नर्स, दुसऱ्या टोकाला मास्तर, मध्ये एजंट. खिडकी बंद व्हायला अर्धा तास आहे.)

नर्स : होणार नाही म्हणजे काय? त्याची सही आहे, माझी सही आहे, कोर्टाचा कागद जोडलाय. आता काय हाडं काढून देऊ त्यांना?

एजंट : मॅडम, खिडकीवरच्या माणसावर चिडून काय उपयोग? गाडीवर दंड थकलेत. ते भरल्याशिवाय गाडी साहेबांच्या नावावरून तुमच्या नावावर होत नाही. नियमच आहे तसा.

नर्स : कसले दंड? दोन वर्षं गाडी मी चालवतेय. मला एकही आलेला नाही.

एजंट : तुम्हाला कसा येईल? ज्याच्या नावावर गाडी, त्याच्या फोनवर मेसेज. चालवणारा कुणी का असेना.

नर्स : म्हणजे तुला येत होते.

मास्तर : येत होते.

नर्स : आणि तू ढिम्म बसलास! अरे, घटस्फोटात सगळं वाटून झालं, एवढी एक गाडी नावावर करायची राहिली होती. उद्या सकाळी एजन्सीत कागद दाखवायचेत मला. स्वतःच्या नावावर गाडी असेल तरच पेशंटच्या घरी पाठवतात. नाहीतर आहेच परत वॉर्डातली रात्रपाळी. माझ्या कमरेची काय वाट लागलीय, माहितीय तुला?

मास्तर : नाही. कसं माहीत असणार?

एजंट : भांडण नंतर हो, आधी काम. साहेब, फोन द्या इकडे, मी पटापट भरून टाकतो. अरे बाप रे! सिग्नल तोडला, बेल्ट नाही, वेग जास्त, बेल्ट नाही, परत वेग... साहेब, तुमचं ड्रायव्हिंग स्कूल ना? आणि हे सगळं तुमच्या नावावर? आणखी थोडे आले असते तर शिकवायचं लायसन्सच गेलं असतं तुमचं.

नर्स : मलाही यानेच शिकवलंय.

मास्तर : बेल्ट लावायलासुद्धा शिकवलं होतं.

नर्स : तू बोलूच नकोस.

एजंट : मी यांना गेल्या वर्षीच म्हटलं होतं मॅडम. गाडीला जोडलेला फोन नंबर बदलून घेऊ, चुटकीसरशी होतं, मेसेज परस्पर मॅडमना जातील. तर म्हणाले, राहू दे.

नर्स : राहू दे?

मास्तर : तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो?

एजंट : मी आपलं सहज... बरं, मी खिडकीपाशी उभा राहतो. नंबर जायला नको.

नर्स : राहू दे का म्हणालास? बोल.

मास्तर : फार गरम होतंय इथे. जरा बाहेर जाऊन येऊ.

नर्स : हलायचं नाही इथून.

मास्तर : अगं, त्या मेसेजात जागा असते. वेळ असते. भल्या पहाटे पुलावर वेग जास्त, म्हणजे तुझी ड्युटी सुटली. एवढंच कळायचं. दुसरं कोण सांगणार होतं मला? तुझा भाऊ फोन उचलत नाही. तू तर बोलतच नाहीस.

नर्स : म्हणजे पाळत ठेवून होतास माझ्यावर!

मास्तर : पाळत कसली? तू चुकलीस तरच कळायचं. कधी कधी महिना महिना काहीच यायचं नाही. मग जीव नुसता वरखाली व्हायचा. वाटायचं, बरी आहे ना ही?

नर्स : मी नीट चालवलं की तुझ्या जिवाला घोर? लाज नाही वाटत सांगायला?

मास्तर : वाटते.

नर्स : माझ्यामागे एवढं सगळं चाललं होतं आणि मला पत्ता नाही. डोकं फिरायची वेळ आलीय माझी.

एजंट : साहेब, बरेचसे भरून झाले. आता हे शेवटचे राहिले. सगळे एकाच जागचे बघा, हृदयाच्या हॉस्पिटलच्या दारात, नो पार्किंग. लागोपाठ रोज. हेही भरतो ना?

मास्तर : भरा.

नर्स : थांबा. हेसुद्धा तुला तेव्हाच आले होते?

मास्तर : हो.

नर्स : म्हणजे तुला कळलं होतं.

मास्तर : तुझी ड्युटी त्या हॉस्पिटलात नव्हती. तरी रोज गाडी तिथेच. म्हटलं, तुझी आईच असणार, तिच्या हृदयाचं दुखणं जुनंच.

नर्स : कळलं होतं आणि आला नाहीस? अरे, माझ्या आईने जावई म्हणून नाही, पोटचा मुलगा मानलं होतं तुला. शुद्ध होती तोवर विचारत होती, मास्तर नाही का आला? आणि मी तिला समजावतेय, त्याला कुणी कळवलेलंच नाही गं, तो कसा येईल? तुझी बाजू घेत होते मी! तिच्या उशाशी बसून!

मास्तर : आलो होतो.

नर्स : कधी? कुठे?

मास्तर : खाली. गाडीपाशी. पहिल्याच दिवशी गाडी उचलणारी व्हॅन आली होती. मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, पेशंट वर आहे, दंड काय तो लावा पण उचलू नका. तू रात्री दमून खाली उतरशील आणि गाडी नसेल, तर कुठे कुठे धावशील? मग रोजच उभा राहायला लागलो. तू येताना दिसलीस की समोरच्या औषधाच्या दुकानात शिरायचो. शेवटच्या दिवशी तुझा भाऊ तुला धरून खाली घेऊन आला. तेव्हा समजलो.

एजंट : चला, चला, खिडकी बंद होतेय. साहेब, इथे सही. मॅडम, तुम्ही खाली. अंगठा लावा. हां. झालं एकदाचं! गाडी तुमची मॅडम. इथून पुढे काय ते मेसेज तुम्हाला. येतो मी, तिकडे अजून एक पार्टी खोळंबलीय.

मास्तर : रागावू नकोस. पण वर आलो असतो तर तू हाकलून दिलं असतंस मला.

नर्स : दिलंच असतं. पण तोवर आईने तुला पाहिलं असतं.