मानाची हाडं

हॅलो?... हो, बुरुलच. दवाखान्यातून बोलतेय. बोल सैरा... नाही गं, खरखर येतेय, खिडकीपाशी ये... हं, आता ऐकू येतंय.

काय?... कोण रुसलंय?... मामबेत-आके? गोळ्यांवरून?... अगं बाई! गोळ्या वाटायच्या यादीत तिसरे आले म्हणून?... अगं पण गोळ्या आहेत त्या, त्यात कसला मानपान!... हो, हो, मेंढीचं डोकं त्यांच्यापुढं ठेवलं होतंस, सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून काळपुळीची गोळीसुद्धा पहिली त्यांनाच?... बरं बरं, चिडू नको. वर घेते त्यांचं नाव. झालं?

ते राहू दे. तोक्तोसूनचं कळलं का तुला?... ताप उतरला. सकाळीच जिल्ह्याच्या दवाखान्यातून फोन आला. हात सुजलेलाच आहे, पण जेवतोय... हो, वाचला. वेळेत नेला म्हणून... नाही गं, तुला कोण दोष देतंय? मेंढी अडखळायला लागली, मरायच्या आत तू त्याच्याकडून कापून घेतलीस, शेजाऱ्यांना जेवायला बोलावलंस. कोणीही हेच केलं असतं. माझ्या सासूनं तर दोनदा केलंय... अगं, रडतेस काय? ऐक ना. मटण चांगलं तीन तास उकळलं होतंस. खाणाऱ्यांना फारशी भीती नाही, तरी गोळ्या देतोय. मग?

चल, मेंढीशी संबंध आलेल्यांची यादी पुरी करून टाकू, संध्याकाळी डॉक्टर मागतील. काल तू हाडांच्या क्रमानं सांगितलंस ते फार बरं झालं बघ, एक माणूस सुटला नाही. तर... डोकं, मामबेत-आके. कमरेची हाडं, त्यांचे दोघे भाऊ. माकडहाड... तुझी विहीण, बरोबर. फरा?... शाळेचे मास्तर. तिथंच खाल्ला की घरी नेला?... बांधून नेला. म्हणजे त्यांची बायको आणि दोन्ही मुली आल्या. लिहिलं. नळ्या?... हं... हं... सोळा झाले. सुरी धरणारा तोक्तोसून, पाय धरणारा तुझा दीर. अठरा. संपलं.

हो, ठेवते, तूही कामात असशील... बोरसोक तळतेस? एकटी? आणि सून कुठं गेली?... पीठ मळतेय? मग बरं आहे की... एका हातानं? का?... नखरे कसले गं, हात दुखत असेल पोरीचा... दुखत नाही म्हणते?

थांब.

सैरा, फोड आहे का बोटावर?... केवढा?... आणि दुखत नाही. अजिबात?

नाही, काही झालं नाही. मी शांत आहे, तूही शांत राहा. एवढं सांग, त्या मेंढीची वजडी कोणी धुतली?... अगं, आतडी, पोट, सगळं. ओढ्यावर नेऊन साफ कोणी केलं?... हो, सूनच करणार, दुसरं कोण... तिनं तोंडातही घातलं नाही, म्हणून सांगितलं नाहीस. कळलं. तिला कुठलं हाड मिळणार, ती तर चहा ओतत होती... नाही गं, तुला बोलत नाहीये. बावीस वर्षं हेच काम करतेय मी. सुरी कोणी धरली विचारलं, खाल्लं कोणी विचारलं, आणि कच्च्या आतड्यांत हात कोणी घातला ते विचारायचं सुचलं नाही.

फोन दे तिला... दे गं, पिठाचे हात असू देत.

हॅलो? पोरी, मी बुरुल-एजे, दवाखान्यातली ताई... घाबरू नकोस. बोटावरची ती चिंधी सोड बघू... सासूबाई बघू देत, सोड तू. मधे रंग कसा आहे?... काळा. आणि भोवती बारीक पाण्याचे फोड... हं. सूज कुठवर?... मनगटाच्या वर? काखेत गाठ लागते हाताला?... ताप?... कधीपासून?... आणि बोलली नाहीस... हो गं, दुखतच नाही तर कशाला सांगायचं! असाच असतो हा, दुखत नाही. बरी होशील, अगदी बरी होशील, पण औषध आज सुरू व्हायला हवं. आजच. फोड दाबायचा नाही, टोचायचा नाही, पुन्हा स्वच्छ फडकं बांध.

एक सांगू? काल मी यादी करायला आले तेव्हा चहा तूच दिलास ना... बोटाला चिंधी होती. मी पाहिली होती गं. पाहिली, पियाला घेतला आणि लिहीत बसले... अगं वेडे, तू कशाला माफी मागतेस!

नाव सांग तुझं... सून नव्हे, नाव. वही चाळतेय, तू इथं नाहीसच... खिंडीपलीकडे? माहेरच्या दवाखान्यात असेल मग. दोन वर्षं झाली आणि आमच्याकडे नोंदच नाही... हं, सांग. एल... नुरा. एलनुरा. लिहिलं.

दे सासूबाईंना... सैरा, ते पीठ पुरून टाक, कुत्र्यालाही घालू नकोस. तिचा हात जिथं जिथं लागला ते सगळं उकळत्या पाण्यानं धू... चहा कोण करणार म्हणजे? तू कर, हात आहेत ना दोन? रशियात तिच्या नवऱ्याला मी कळवते... लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. पोरगी जिवंत असली म्हणजे झालं.

आणि मामबेत-आकेंना निरोप दे. म्हणावं, यादीत तुम्ही दुसरे... हो, दुसरे. पहिलं नाव लिहून झालंय... रुसू देत गं! पण रुसायच्या आधी जिल्ह्याच्या दवाखान्यात जायला गाडी काढा म्हणावं, आणि आमच्या एलनुराला पुढं बसवा. मी इथं दवाखान्याच्या फाटकापाशी उभी राहते... हो, येते मी पण तिच्याबरोबर. ठेव आता, तेल जळत असेल.